कमी पैशांत चामडेकाम: हत्यारे आणि सामान घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चामडेकाम शिकायची हौस असते, पण इंटरनेटवरच्या हत्यारांच्या याद्या आणि किमती बघून अनेकांची पावले मागे फिरतात. त्यांच्यासाठी हे प्रश्न एकत्र केले आहेत. आपल्या गावातल्या चौकात बसणारा गटई कामगार रापी (चामडे कापायची रुंद सुरी), आरी (खाचेचा टोचा), हातोडी, ऐरण आणि दोरा एवढ्यावर चपला, बॅगा, पट्टे वर्षानुवर्षे दुरुस्त करतो आहे. कोल्हापुरी चप्पल बनवणारी घरेही मूठभर हत्यारांवर चालतात, आणि त्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पैसे थोडे असतील तर ते धार, दोरा आणि चांगले चामडे या तिघांवर खर्च करावेत. बाकीच्या वस्तू निम्म्या घरातच सापडतात.

अगदी सुरुवातीला काय काय लागते?

कापायला धारदार पाते, मोजायला स्टीलची पट्टी, खुणा करायला डिव्हायडर, छिद्रे पाडायला टोचा, दोन बोथट सुया, मेण लावलेला दोरा, चिकटवायला सोल्युशन, घासायला पॉलिश पेपर. एवढ्यात कार्ड ठेवायचे पाकीट, किल्ल्यांचा पट्टा, चष्म्याचे घर, वहीचे कव्हर हे सगळे होते.

डिव्हायडर विकत घेऊ नका. शाळेच्या कंपासपेटीतला पुरतो. त्याचा स्क्रू घट्ट करून घ्या, म्हणजे काम करताना अंतर हलत नाही. पट्टी मात्र स्टीलचीच हवी, कारण प्लास्टिकच्या पट्टीची कड कटर सोलून काढतो.

ऑनलाइन ४० नगांचा तयार संच स्वस्त दिसतो. घेऊ का?

माझे मत: नको. अशा संचातल्या नगांपैकी बरेचसे नक्षीचे ठसे असतात. ते फक्त वनस्पतींच्या सालीने कमावलेल्या, ओलसर केलेल्या चामड्यावर उमटतात. तुमच्या हातातले चामडे क्रोमचे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असेल, आणि बाजारात तेच जास्त असते, तर ठशांचा काही उपयोग नाही. उरलेल्यांत टोचा बोथट असतो, दातेरी पंचांचे (शिलाईची छिद्रे ओळीने पाडायच्या हत्यारांचे) लोखंड मऊ असते आणि दोरा वीतभर. तेवढ्याच पैशांत पाच-सहा हत्यारे सुटी आणि चांगली येतात.

संच घरात आधीच असेल तर फेकू नका. टोच्याला धार लावा, मोजपट्टी आणि सुया वापरा, आणि जे हत्यार हातात येत नाही ते बाजूला ठेवा.

एकूण बजेट किती धरावे?

दीड ते दोन हजार रुपयांत नीट सुरुवात होते, आणि त्यात पहिले चामडेही बसते. भाव शहराप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे बदलतात, म्हणून आकड्यांपेक्षा वाटणी लक्षात ठेवा: साधारण निम्मे पैसे चामड्याला, पाव भाग दोरा-सुया-सोल्युशनला आणि पाव भाग हत्यारांना. नवखे लोक नेमके उलटे करतात. हत्यारांवर सगळे पैसे संपतात आणि मग रेक्झिनवर हात साफ करावा लागतो. रेक्झिनवर शिकलेला हात चामड्यावर पुन्हा पहिल्यापासून शिकतो.

रापी घ्यावी की कटर?

सुरुवातीला १८ मिलिमीटर पात्याचा, तुकडे मोडत जाणारा जाड कटर घ्या. स्टेशनरीच्या दुकानातला पातळ ९ मिलिमीटरचा नको, त्याचे पाते चामड्यात वाकते आणि रेघ तिरकी जाते. पात्याचे टोक बोथट वाटले की लगेच मोडा. पात्याची कंजूषी केली तर चामडे वाया जाते, आणि चामडे पात्याच्या कितीतरी पट महाग असते.

रापी दुसऱ्या टप्प्यावर घ्या. कड पातळ करायला तिच्यासारखे हत्यार नाही. चप्पल-बुटांच्या सामानाच्या दुकानात ती मिळते. दुसरा मार्ग म्हणजे फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये पॉवर हॅक्सॉचे मोडके रुंद पाते मागणे. ते हाय-स्पीड स्टीलचे असते, धार फार काळ टिकवते, आणि मोडलेला तुकडा बरेचदा भंगाराच्या भावात मिळतो. ग्राइंडरवर त्याला तिरकी धार काढून घ्या आणि मुठीला सुतळी किंवा चामड्याची पट्टी गुंडाळा. हातकरवतीचे पातळ पाते या कामाला चालत नाही.

धार कशी लावायची? दगड महाग आहेत.

दगड लागतच नाही. हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारला जातो, आणि यायला हवा सगळ्यांत आधी.

जाड काचेचा किंवा ग्रॅनाइटचा सपाट तुकडा घ्या. त्यावर पाण्यात चालणारा काळा पॉलिश पेपर ओला करून चिकटवा. हार्डवेअरच्या दुकानात तो सुट्या कागदांत मिळतो. आधी ४०० नंबर, मग ८००, मग १५००, शेवटी २०००. पात्याचा उतार कागदावर पूर्ण टेकवून, कोन न हलवता, धार मागे ठेवून ओढा. ४०० वर तोवर घासा, जोवर धारेच्या मागच्या बाजूला बोटाला बारीकशी खरखर लागत नाही. ही खरखर लागली म्हणजे घासणे टोकापर्यंत पोचले. ती लागायच्या आधी पुढच्या कागदावर गेलात तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते. मग मागची बाजू सपाट टेकवून खरखर काढा आणि बारीक कागदांवर तेच करत जा.

शेवटची पायरी चामड्यावर. लाकडाच्या फळीवर चामड्याची पट्टी खरखरीत बाजू वर करून चिकटवा, तिला धातू चमकवायचे पॉलिश किंवा पॉलिशवाल्यांकडची हिरवी वडी चोळा, आणि पाते धार मागे ठेवून वीस-पंचवीस वेळा ओढा. काम करताना अधूनमधून या पट्टीवर पाते फिरवत राहिलात तर कागदांकडे क्वचितच परत जावे लागते. जोर लावावा लागला तर पाते घसरते आणि बोटावर येते. धारदार पात्याने जखमा कमी होतात. कापताना स्टीलची पट्टी धरणाऱ्या हाताचा अंगठा पट्टीच्या कडेबाहेर कधीही येऊ देऊ नका.

शिलाईची छिद्रे कशाने पाडायची?

दातेरी पंच असेल तर काम झटपट होते. एकच घ्यायचा असेल तर ४ मिलिमीटर अंतराचा चार दात्यांचा घ्या. वळणांसाठी दोन दात्यांचा नंतर जोडा.

पंच नसेल तर डिव्हायडर ४ मिलिमीटरवर लावा, कडेपासून सारख्या अंतरावर रेघ ओढा, त्या रेघेवर डिव्हायडर चालवत टिंबे उमटवा आणि प्रत्येक टिंबावर टोचा घाला. वेळ जास्त लागतो, टाका मात्र तितकाच देखणा येतो. टोचा सरळ उभा जातो की नाही हे दर दोन-तीन छिद्रांनी उलटून बघा, नाहीतर मागची रांग नागमोडी होते.

गटई कामगारांची आरी हे वेगळे हत्यार आहे. तिच्या टोकाला खाच असते, ती चामड्यातून पलीकडे जाऊन दोरा ओढून आणते. बुटाचा तळ किंवा जाड पट्टा शिवायला ती उत्तम, आणि किंमत अगदी कमी. शिकायची असेल तर चौकातल्या कारागिराला चार टाके दाखवायला सांगा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. त्याच्याशी घासाघीस करू नये.

पंचाखाली काय ठेवायचे?

स्वयंपाकघरातला जाड प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड, आणि त्याखाली ग्रॅनाइटचा तुकडा. ओट्यासाठी ग्रॅनाइट कापणाऱ्या दुकानांमागे असे तुकडे पडलेले असतात. ठोकायला लोखंडी हातोडी नको, पंचाचे डोके फुलते. लाकडी मोगरी वापरा.

दोरा आणि सुया कोणत्या?

पाकिटाला मेणाचा पॉलिस्टर दोरा, साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर. बॅगेला १ मिलिमीटर. सुती शिलाईचा दोरा चालत नाही, घामाने कुजतो. मेण नसलेला चांगला दोरा हाती लागला तर मधमाशीच्या मेणाच्या तुकड्यावरून दोन-तीन वेळा ओढून घ्या.

सुया लोकर-भरतकामाच्या दुकानातल्या बोथट टोकाच्या. छिद्र आधीच पाडलेले असते, त्यामुळे टोकदार सुई उलट दोऱ्यालाच भोसकते.

दोरा शिलाईच्या लांबीच्या चौपट कापा. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून एक तुटला की शिलाई उसवत जाते. दोन सुयांच्या टाक्यात एका जागी दोरा झिजून तुटला तरी आजूबाजूचे टाके जागचे हलत नाहीत. हातशिलाईला वेळ लागतो, तो याच टिकाऊपणासाठी.

चामडे कोणते घ्यायचे?

दोन घराणी आहेत. एक वनस्पतींच्या सालीने कमावलेले, दुकानदार त्याला व्हेज टॅन म्हणतात. दुसरे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले, म्हणजे क्रोम.

व्हेज टॅन ताठ असते, ओले केले की आकार धरते, ठसे घेते, कडा घोटून गुळगुळीत होतात, वापराने रंग गडद होत जातो. पारंपरिक कोल्हापुरीचे चामडेही याच घराण्यातले, बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले. क्रोम मऊ, लवचिक, पाण्याला जास्त दाद न देणारे आणि बहुधा स्वस्त. झोळीसारख्या बॅगा, अस्तर, जाकिटे यांना क्रोम योग्य.

शिकायला मी व्हेज टॅन सुचवेन, दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचे. ते कापताना सरकत नाही, खुणा नीट दिसतात, आणि चूक झाली तर कुठे झाली तेही दिसते. पट्ट्यासाठी ३ मिलिमीटरच्या पुढे जा, पाकिटाच्या आतल्या कप्प्यांसाठी १ मिलिमीटरच्या खाली. परदेशी पानांवर जाडी औंसात दिलेली असते. एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर.

महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा आहे, आणि २०१५ पासून बैल आणि वळूंनाही तो लागू झाला. इथल्या बाजारात प्रामुख्याने म्हशीचे आणि शेळीचे चामडे बघायला मिळते. म्हशीच्या चामड्याचा दाणा (वरच्या बाजूचा पोत) मोठा आणि अंग दणकट, पट्टे-बॅगांना छान. शेळीचे पातळ आणि चिवट, पाकिटाच्या आतल्या भागाला छान. घेताना बिल मागून घ्या, विशेषतः प्रवासात न्यायचे असेल तर.

घ्यायचे कुठून?

मुंबईत धारावी. शीव-वांद्रे लिंक रोडवर दर्शनी दुकाने आहेत, तिथे तयार बॅगा-जाकिटे असतात. कच्चा माल आतल्या गल्ल्यांत. विचारत जा, लोक वाट दाखवतात. अख्खे कातडे घेण्याची ऐपत नसेल तर कटपीस मागा. बॅगांच्या कारखान्यांतून उरलेले तुकडे वजनावर विकले जातात, आणि शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला सौदा नाही. पोत्यात हात घालून स्वतः निवडू देत असतील तरच घ्या. तळहाताएवढे सारख्या जाडीचे तुकडे बघा, चिंध्या नकोत. कुर्ला-चेंबूरकडची ठक्कर बाप्पा कॉलनी पादत्राणांच्या कामाची जुनी वस्ती आहे. सोल, दोरा, सोल्युशन, बक्कल यांसाठी तिकडे जावे. साध्या हत्यारांसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळची नागदेवी स्ट्रीट.

पुण्यात हार्डवेअर आणि किरकोळ सामानासाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जुन्या हातोड्या, पकडी, पंच सापडतात. जुने हत्यार घेताना गंजाला घाबरू नका, वरवरचा गंज पॉलिश पेपरने जातो. पाते तडकलेले किंवा खोल खड्डे पडलेले असेल तर सोडून द्या.

कोल्हापुरात सुभाषनगर आणि चप्पल लाईन. कारागिरांकडेच जाडजूड म्हशीच्या चामड्याचा उरलेला तुकडा मागितला तर काही जण देतात. तयार चप्पल विकत घेऊन गप्पा मारल्यात तर जास्त शिकाल.

लहान गावात असाल तर तालुक्याच्या चप्पल-दुरुस्तीवाल्याला माल कुठून येतो ते विचारा. ज्या दुकानातून तो सोल आणि सोल्युशन आणतो, तिथे तुमच्या यादीतले बरेचसे मिळते.

आणि खरेदीच्या आधी घरातले जुने पट्टे, फाटलेल्या पर्सा, पोपडे न धरलेले खऱ्या चामड्याचे सोफ्याचे कव्हर बघा. सरावाला सगळे चालते.

दुकानदार चौरस फुटात भाव सांगतो. मला किती लागेल ते कसे कळणार?

एक चौरस फूट म्हणजे ९२९ चौरस सेंटिमीटर. कार्डांच्या छोट्या पाकिटाला पाव ते अर्धा चौरस फूट, दुमडायच्या पाकिटाला कप्प्यांसकट एकाच्या आसपास. मोठ्या खांद्याच्या बॅगेला आठ-दहा. कातडे चौकोनी नसते, कडेला पोट आणि पायांचा सैल भाग असतो, म्हणून हिशोबावर आणखी पाव भाग धरा.

सगळे भाग आधी पुठ्ठ्यात कापून सोबत न्या आणि दुकानातच चामड्यावर मांडून बघा. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा पुरतो. पट्ट्याला मात्र लांबी लागते, क्षेत्रफळ नव्हे. पाठीच्या भागातून कापलेली तयार पट्टी मागा. अख्खे कातडे फक्त एका पट्ट्यासाठी घेऊ नये.

खरे चामडे कसे ओळखू?

कापलेली कड बघा. चामड्यात आरपार तंतू दिसतात. रेक्झिनमध्ये वर प्लास्टिकचा थर आणि खाली विणलेले कापड दिसते. व्हेज टॅनची कड आतपर्यंत तपकिरी असते, क्रोमच्या कडेला आत बरेचदा निळसर-करडी झाक दिसते. न रंगवलेल्या व्हेज टॅनवर पाण्याचा थेंब टाकला तर डाग लगेच गडद होतो.

सगळ्यांत फसवा प्रकार म्हणजे खालच्या थराचे चामडे, त्यावर प्लास्टिकचा लेप आणि दाणा छापलेला. ते चामडेच असते, पण लेप कालांतराने सोलून निघतो. दुमडून बघा: खऱ्या वरच्या थरावर बारीक, असमान सुरकुत्या पडतात. लेपावर एकच सरळ घडी पडते. सगळा दाणा अगदी एकसारखा दिसत असेल तरी सावध व्हा.

सोल्युशन कोणते?

फेविकॉल एसआर ९९८ किंवा चप्पलवाल्यांचे कुठलेही रबर सोल्युशन. दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटे सुकू द्या, बोटाला चिकटेनासे झाले की जोडा आणि मोगरीने ठोका. ओले असताना जोडणे ही नेहमीची चूक. खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत त्याचा वास डोक्यात जातो. जवळ ज्योत किंवा शेगडी नको, मुलेही नकोत. छोटा डबा घ्या. मोठा उघडला की महिन्याभरात घट्ट होतो.

कडा गुळगुळीत कशा करायच्या?

व्हेज टॅन असेल तर ४०० आणि मग ८०० नंबरच्या कागदाने घासा, कड किंचित ओली करा आणि जाड सुती कापडाने किंवा लाकडी लाटण्याच्या टोकाने जोरात घोटा. पंसाऱ्याकडचा कतीरा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून त्याची पातळ खळ लावली तर चकाकी टिकते. क्रोमची कड अशी घोटली जात नाही. ती दुमडून शिवा किंवा कडेचा रंग लावा.

रंग महाग आहेत. पर्याय?

काळ्यासाठी आहे. लोखंडी खिळे किंवा तारघोसणी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा. झाकण सैल ठेवा, कारण आत वायू तयार होतो. मग कापडातून गाळा. हे पाणी व्हेज टॅनवर फिरवले की चामड्यातल्या टॅनिनशी लोखंडाची क्रिया होऊन ते काळे पडते. हा वर चढवलेला रंग नसतो, म्हणून हाताला लागत नाही. रंग फिका आला तर आधी हिरड्याचे किंवा कडक चहाचे पाणी लावा, टॅनिन वाढते. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने पुसा, सुकू द्या आणि थोडे तेल द्या. क्रोमवर हे चालत नाही.

घरच्या शिलाई मशीनवर शिवता येईल का?

मऊ, दोन्ही थर मिळून दीड-दोन मिलिमीटरपर्यंत, चामड्याची खास सुई लावून, टाका मोठा ठेवून, शक्यतो चाक हाताने फिरवत. मशीनचा पाय चामड्यावर अडकत असेल तर वर पातळ कागद ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा. त्याहून जाड काम मशीनवर घालू नका.

कड पातळ करायचे मशीन नाही. मग?

विकत घ्यायचे कशाला? धारावीत चामडे सोलून पातळ करून देणारे, कडा उतरवून देणारे जॉबवर्कवाले आहेत. तुकडे कापून, खुणा करून न्या. काही रुपयांत वर्षभराचे काम होते.

सरकारी मदत मिळते का?

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत चर्मकार-पादत्राणे कारागीर आहेत. त्यात हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, आणि सवलतीच्या ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि मग २ लाखांपर्यंत कर्ज आहे. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. ही योजना हाताने हा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. हौशी शिकाऊंनी तिथे रांग लावू नये. चर्मकार समाजातल्यांसाठी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या योजना आहेत, आणि रस्त्यावर बसणाऱ्या गटई कामगारांना समाजकल्याण विभागाकडून पत्र्याचा स्टॉल मिळतो. तुमच्या चौकातल्या कारागिराला हे माहीत नसेल तर त्याला सांगा, आणि कागदपत्रे भरायला मदत करा.

पावसाळ्यात सामान कसे ठेवायचे?

चामडे प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, बुरशी हमखास धरते. सुती कापडात सैल गुंडाळा आणि भिंतीपासून दूर, हवा लागेल अशा जागी ठेवा. घडी घालू नका, गुंडाळी करा. बुरशी आलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या कापडाने पुसा आणि सावलीत वाळवा; कडक उन्हात व्हेज टॅन कडकडीत होते. पात्यांना, टोच्यांना, पंचांना शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून ठेवा. कोकणात असाल तर जूनच्या आधीच.